पुढच्या खोलीतली आजी, मागच्या खोलीतला नातू

पत्र असं आहे, थोडं आटोपशीर करून देते:

"ताई, मी मूळची साताऱ्याची, सहा वर्षं मायामीत आहे. नवरा इथेच जन्मलेला, पण घर पक्कं क्यूबन. आजेसासूबाई १९६७ मध्ये विमानानं आल्या, सासूबाई तेव्हा पाच वर्षांच्या. आजेसासऱ्यांचं तिकडे औषधांचं दुकान होतं. इथे आधी हॉटेलात भांडी घासली, मग हायलियात स्वतःची फार्मसी काढली. आजेसासूबाईंचे भाचे, त्यांना आम्ही सगळे 'तिओ' म्हणतो, १९८० मध्ये मारिएलहून होडीतून आले. त्यांचा एसी दुरुस्तीचा धंदा आहे. आणि २०२२ मध्ये आला आजेसासूबाईंच्या धाकट्या बहिणीचा नातू, आता तिशीला टेकलेला. ही बहीण क्यूबातच राहिली, तिचं नाव घरात कुणी काढत नाही. मुलगा तिकडे फिजिओथेरपिस्ट होता. इथे दिवसा गोदामात, रात्री गाडीनं लोकांची जेवणं पोचवतो. सासूबाईंच्या घरामागच्या एफिशियन्सीत, म्हणजे एका खोलीच्या बिऱ्हाडात, राहतो, महिना ९०० डॉलर भरतो, उरलेलं घरी पाठवतो. त्याच्याकडे आय-२२०ए नावाचा, सीमेवर ताब्यात घेऊन अटींवर सोडल्याचा कागद आहे, पुढे काहीच सरकत नाही.

नोचेबुएनाच्या, म्हणजे नाताळच्या आदल्या रात्रीच्या, जेवणात आजेसासूबाई म्हणाल्या, 'आम्हाला कुणी एक पै दिली नाही. ही आजची मुलं उतरतात ती थेट फूड स्टॅम्पच्या, सरकारी शिध्याच्या, रांगेत.' तो म्हणाला, 'तुम्हाला विमानतळावर कोट मिळाला, मला हातकडी.' आजी ताटावरून उठल्या. तिओ खाली मान घालून जेवत राहिले. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं. नवरा म्हणतो, 'हे आमच्यातलं आहे, तू पडू नकोस.' ताई, बरोबर कोण? आणि मी बोलायचं की नाही? – मधल्या खोलीतली सून"

प्रिय सूनबाई,

सरळ विचारलंत, सरळ सांगते. हिशेबाला बसलो तर पोरगा बरोबर आहे. पण हिशेब जिंकून तो खोली घालवून बसणार आणि सध्या त्याला खोलीची गरज जास्त आहे. तेव्हा बोला, जरूर बोला, फक्त हिशेब काढू नका.

मी हायलियातल्या एका छोट्या दवाखान्यात नऊ वर्षं समुपदेशक होते. स्पॅनिश तिथेच शिकले, तीही क्यूबन, म्हणजे शब्दाच्या शेवटचा 'स' गिळून टाकणारी. "आम्हाला कुणी काही दिलं नाही" हे वाक्य मी तिथे इतक्या वेळा ऐकलंय की ते कुठल्या सुरात सुरू होतं हेही मला पाठ आहे. म्हणून आधी तुमच्यापुरता हिशेब मांडते. तो आजींसमोर वाचायचा नाही.

आजी आल्या ती विमानं 'स्वातंत्र्याची उड्डाणं' म्हणून ओळखली जातात. डिसेंबर १९६५ ते एप्रिल १९७३, वारादेरो ते मायामी. अडीच लाखांहून जास्त माणसं त्यांतून आली आणि भाडं अमेरिकन सरकारनं भरलं. मायामीच्या मध्यभागी बिस्केन बुलेवारवरचा तो पिवळट मनोरा, फ्रीडम टॉवर, तुम्ही रोज बघत असाल. १९६२ ते १९७४ तिथे निर्वासितांचं केंद्र होतं. क्यूबन लोक त्याला नुसतं 'एल रेफुहिओ' म्हणत. केनेडींनी १९६१ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमातून तिथे गरजू कुटुंबाला महिन्याला १०० डॉलरपर्यंत रोख मिळत. शिवाय औषधपाणी, मुलांना कॉलेजसाठी कर्ज, खाण्याचे सरकारी डबे. मायामी विद्यापीठ क्यूबन डॉक्टरांना परवान्याच्या परीक्षेसाठी तयार करत होतं. कोरल वे शाळेत १९६३ पासून अर्धा दिवस इंग्रजीत आणि अर्धा स्पॅनिशमध्ये शिकवायला लागले, म्हणजे मुलांची भाषा तुटायला नको. काही बँकांमध्ये क्यूबातून आलेलीच माणसं होती. तिकडे कोण कसा व्यवहार करायचा हे त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तारण नसलं तरी नुसत्या ओळखीवर आणि शब्दावर कर्ज मिळायचं. आजेसासऱ्यांच्या फार्मसीला पहिला पैसा कुणी दिला, हे कधीतरी विचारा. आत्ता नको.

आणि या सगळ्यांच्या वर १९६६ चा क्यूबन अॅडजस्टमेंट अॅक्ट. देशात रीतसर प्रवेश किंवा 'परोल', म्हणजे तात्पुरत्या प्रवेशाची परवानगी, दिलेल्या क्यूबन माणसाला ठरावीक काळानंतर ग्रीन कार्ड मागता येतं. आधी मुदत दोन वर्षांची होती, पुढे एकावर आली. शेजारच्या हैतीतून होडीनं येणाऱ्याला असं काही नव्हतं. शीतयुद्ध चालू होतं, क्यूबाच्या कम्युनिस्ट सत्ताधीश कॅस्ट्रोकडून पळून आलेलं प्रत्येक कुटुंब ही वॉशिंग्टनसाठी जाहिरात होती. जाहिरातीवर खर्च करतात, तसा केला.

एवढं असून आजी खोटं बोलतात का? नाही. एक प्रसंग सांगते.

माझ्याकडे ऐंशीच्या पुढच्या एक बाई यायच्या. झोप लागत नाही ही तक्रार. पहिल्या वर्षाबद्दल विचारलं की तेच वाक्य, कुणी काही दिलं नाही, पुढे तोंड बंद. एकदा सहज विचारलं, "मग जेवायचात काय?" बाई एकदम खुर्चीत पुढे सरकल्या. "ला कार्ने देल रेफुहिओ!" म्हणजे त्या केंद्रातून मिळणारं डब्यातलं मांस. डबा उघडला की वर चरबीचा थर असायचा, तो केवढा जाड, हे त्यांनी अंगठा आणि तर्जनीनं दाखवलं. तो काढून ठेवायचा, वाया नाही घालवायचा. त्यातच कांदा, हिरवी ढोबळी मिरची, लसूण परतायचा, जिरेपूड, टोमॅटो, मग मांस. दुसऱ्या दिवशी उरलं तर बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवून क्रोकेता. पीनट बटरचं मात्र करायचं काय ते कुणालाच कळेना, मुलं तोंड वाकडं करायची, ते शेजारणीला दिलं. वीस मिनिटं बोलत होत्या. मग मी म्हटलं, "म्हणजे डबा सरकारनं दिला होता." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी बावळटासारखं बोललेय. "ते काय देणं होतं? ते मांस होतं."

मला त्या दिवशी उलगडा झाला. डब्याची किंमत त्यांच्या खात्यात कुठे नव्हतीच. खात्यात होता तो कांदा, ती फोडणी, आणि दिवसभर हायलियाच्या शिलाई कारखान्यात मशीन चालवून आल्यावर उभ्यानं तळलेल्या क्रोकेता. त्याच्याही मागे होतं ते सोडून आलेलं घर. तुमच्या आजींच्या वेळी देश सोडण्याचा अर्ज केला की नोकरी जायची. कित्येक पुरुषांना निघण्याची पाळी येईपर्यंत शेतावर राबायला पाठवत, काहींना वर्षानुवर्षं. घरी माणसं येऊन सामानाची यादी करत, पंखे, चादरी, भांडी मोजत. निघायच्या दिवशी यादीतलं सगळं जागेवर हवं, कारण ते आता सरकारचं. आणि सरकारी भाषेत जाणाऱ्याचं नाव 'गुसानो', किडा. हे सोसलेल्या बाईला जेवणाच्या टेबलावर कुणी "तुम्हाला कोट मिळाला" म्हटलं तर ती ताटावरून उठणारच. पोराचं म्हणणं खरं होतं, जागा चुकली.

आता तिओ. ते गप्प बसले, असं तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला सगळ्या पत्रात तीच ओळ महत्त्वाची वाटली.

एप्रिल १९८० मध्ये हवानातल्या पेरूच्या वकिलातीत दहा हजारांवर माणसं घुसली. कॅस्ट्रोनं मारिएल बंदर उघडून दिलं, ज्याला जायचंय त्यानं जावं. मायामीतले नातेवाईक होड्या भाड्यानं घेऊन आपली माणसं आणायला धावले. तिकडचे अधिकारी त्या होड्यांत अनोळखी माणसंही कोंबत, काही थेट तुरुंगातून काढलेली. ऑक्टोबरपर्यंत सव्वा लाखाच्या आसपास लोक आले. त्यांत खरे गुन्हेगार थोडे होते, पण डाग सगळ्यांना लागला. निघताना शेजारपाजारची माणसं दारात जमून अंडी मारत, 'एस्कोरिया' म्हणून ओरडत, म्हणजे गाळ. इथे उतरल्यावर 'मारिएलितो'. तो शब्द गोऱ्या अमेरिकनांनी वापरला हे खरं, पण नाक मुरडून उच्चारला तो १९६० च्या दशकात आलेल्या क्यूबन मंडळींनीही. आधी आलेले बहुतेक गोरे, शहरी, शिकलेले. या होड्यांत कामगार जास्त, कृष्णवर्णीय जास्त. त्या उन्हाळ्यात ज्यांना न्यायला कुणी आलं नाही ते ऑरेंज बोल मैदानात आणि नंतर हायवेच्या पुलाखाली तंबूंत राहिले. त्याच नोव्हेंबरात डेड काउंटीच्या, म्हणजे मायामीच्या जिल्ह्याच्या, मतदारांनी काउंटीचा कारभार फक्त इंग्रजीत चालावा असा नियम मंजूर केला, तो १९९३ पर्यंत टिकला. म्हणजे तिओंना घरच्यांनीही हाकललं आणि दारच्यांनीही.

त्या रात्री तिओ काहीच का बोलले नाहीत, मला माहीत नाही. पण त्यांच्याकडे एकट्यानं जा. एसीचा काहीतरी बहाणा काढा, मायामीत तो कायम मिळतो. आणि विचारा, "तुम्ही आलात तेव्हा पहिले काही दिवस कुठे झोपलात?" याच घरात, असं उत्तर आलं तर किती दिवस, आणि कुणाच्या तोंडून काय ऐकत, हे त्यांचं ते सांगतील. आजींना दोन शब्द सुनवण्याचा अधिकार त्या घरात एकाच माणसाला आहे, तो तुम्हाला नाही, तुमच्या नवऱ्यालाही नाही.

आणि हा मुलगा. त्याचा प्रवास तुम्ही ऐकलाच असेल. नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाराग्वानं क्यूबन लोकांना व्हिसाची अट काढून टाकली आणि बेटावर नवा वाक्प्रचार रुजला, 'ज्वालामुखी बघायला चाललो.' लोकांनी घरं विकली, फ्रिज विकले, तिकीट काढलं, तिथून पुढे रस्त्यानं उत्तरेला. एका वर्षात दोन लाखांवर क्यूबन लोक अमेरिकेच्या सीमेवर नोंदले गेले, मारिएलवाले आणि १९९४ मध्ये तराफ्यांवरून आलेले एकत्र केले तरी इतके भरत नाहीत. सीमेवर मात्र लॉटरी होती. कुणाला 'परोल'चा कागद मिळाला, कुणाला आय-२२०ए. कुठला कागद हातात पडेल ते त्या दिवशीच्या अधिकाऱ्यावर आणि ठाण्यावर. एकाच घरातल्या दोघांना वेगवेगळे कागद मिळाल्याची उदाहरणं आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये इमिग्रेशनच्या अपील मंडळानं सांगून टाकलं की आय-२२०ए म्हणजे परोल नव्हे. म्हणजे ज्या १९६६ च्या कायद्यानं आजींना तारलं तो आजही जिवंत आहे, पण तुमच्या दिराच्या कागदाला तो लागू होत नाही. यात आळस कुठे आला आणि कष्ट कुठे आले?

फूड स्टॅम्पचं म्हणाल तर नव्यानं आलेल्या क्यूबन लोकांना काही मदत अजूनही मिळते, आजी त्यात चूक नाहीत. त्यांनी ते म्हटलं ते मात्र ती मदत टोचते म्हणून नव्हे, असा माझा अंदाज आहे. भांडण पोराशी नाहीच. ते त्याच्या आजीशी आहे.

दोन बहिणी. एक गेली, एक राहिली. राहिलेली क्रांतीच्या बाजूची होती की आईवडिलांसाठी थांबली, हे तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित तुम्हालाही कुणी सांगितलेलं नसेल. त्या काळात पक्षाचा सभासद असेल तर परदेशी गेलेल्या सख्ख्या भावंडाला पत्र लिहिणंही महागात पडायचं. घरंच्या घरं अशी अबोल झाली. १९७९ मध्ये पहिल्यांदा परागंदा लोकांना भेटीला येऊ दिलं, त्या वर्षात लाखावर माणसं सुटकेसा भरून गेली, आणि क्यूबात विनोद झाला की काल हाकललेले किडे आज फुलपाखरं होऊन परत आले. तुमच्या आजी त्या फुलपाखरांत होत्या का? बहुधा नसाव्यात. आणि आता बघा, हा पोरगा रात्री लोकांच्या दारात पिझ्झा ठेवून जे पैसे वाचवतो त्यांतून औषधं, कॉफी, मोबाइलचा रिचार्ज पाठवतो, ते घर आजींच्या धाकट्या बहिणीचं आहे. हे आजींना ठाऊक आहे, मी पैज लावते.

म्हणून तुम्ही काय करायचं? एखाद्या रविवारी स्वयंपाकघरात आजींना विचारा, रेफुहिओचं मांस कसं करायचात. सगळ्यांसमोर नको, दोघीच. भाज्या चिरायला त्या मुलाला बोलवा, तो तिथे आहे एवढंच पुरे. आजी सांगून झाल्या की त्याला विचारा, तुमच्याकडे रेशनवर काय यायचं? तो 'पिकादियो दे सोया' सांगेल, खिम्याच्या नावाखाली मिळणारं सोयाबीन. नाहीतर 'पोयो पोर पेस्कादो', रेशनकार्डावर मासळीच्या रकान्यात येणारी कोंबडी. याला क्यूबन माणूस हसल्याशिवाय राहत नाही, चारही बाजूंना समुद्र असलेल्या बेटावर मासळीऐवजी कोंबडी! आजीही हसतील. सलोखा वगैरे लगेच होणार नाही. पण वाईट खिमा चवीचा कसा करायचा यावर दोघं वाद घालायला लागले तर तो वाद मला हवाय.

मुलाला वेगळं घ्या आणि सामानाच्या यादीची गोष्ट सांगा. त्याच्या पिढीला ती बहुतेक माहीत नसते, तिकडच्या शाळेत तसली गोष्ट कोण सांगणार. आणि विमानतळाचा टोमणा परत मारू नकोस, हे वहिनीच्या अधिकारानं सांगा.

सासूबाईंशी मात्र इतिहासातलं एक अक्षरही बोलू नका. पाच वर्षांची असताना आलेली मुलगी म्हणजे त्या घरची दुभाषी. बँकेत, डॉक्टरकडे, शाळेत आईवडिलांसाठी बोलणारी. आजन्म दोन्हीकडचं निस्तरत आलेल्या बाईला आणखी एक भांडण नको असतं, म्हणून ती भांडणारालाच बाहेर काढते. त्यांच्याशी व्यवहार बोला. सहा महिने मुदत, भाडं इतकं, गाडी इथे लावायची, कागदावर लिहून दोघांच्या सह्या. त्यांना ते आवडेल.

आणि नवरोबा. "हे आमच्यातलं आहे" म्हणे! माझे एक मामा १९६९ मध्ये खिशात आठ डॉलर घेऊन अमेरिकेला आले. ही आठ डॉलरची कथा मंडळाच्या प्रत्येक गणपतीत आम्ही ऐकली. ज्या सरकारी कॉलेजातून ते जवळजवळ फुकट इंजिनिअर झाले त्याचा उल्लेख कथेत कधी आला नाही, आणि १९६५ च्या कायद्यानं दार नुकतंच उघडलं होतं, ग्रीन कार्ड पटकन मिळालं, हाही नाही. आज एच-वन-बीवर वर्षानुवर्षं रांगेत असलेल्या भाचरांना ते "तुम्ही मुलं फार कुरकुरता" म्हणतात. तेव्हा नवऱ्याला सांगा, तुमच्यातलं हे आमच्यातही आहे, मला सगळं कळतं.

आता तातडीचं. त्याची केस कोण बघतंय ते विचारा. उत्तर 'नोतारिओ' असं आलं तर त्याच दिवशी थांबवा. लॅटिन अमेरिकेत नोतारिओ म्हणजे शिकलेला वकील, इथे नोटरी म्हणजे फक्त शिक्का मारणारा, आणि या गोंधळावर मायामीत कित्येकांनी दुकानं थाटलीत. इमिग्रेशनचा खरा वकील हवा. आश्रयाचा अर्ज आल्यापासून एका वर्षाच्या आत भरला होता का, हे त्याला तपासू दे. आणि २०२५ मध्ये मायामीच्या इमिग्रेशन कोर्टात तारखेला हजर राहिलेल्या आय-२२०एवाल्यांना तिथूनच ताब्यात घेतल्याच्या घटना झाल्या आहेत, म्हणून एकट्यानं जायचं नाही. पण न जाणं त्याहून वाईट.

महिनाअखेरीच्या आधी सासूबाईंना एवढं कळायलाच हवं: खोली बदलली तर त्यानं पाच दिवसांत कोर्टाला नवा पत्ता कळवावा लागतो. ते राहून गेलं, तारखेची नोटीस जुन्या पत्त्यावर आली आणि तारीख चुकली, तर त्याच्या गैरहजेरीत हद्दपारीचा हुकूम निघू शकतो. मागच्या खोलीला वेगळी पत्रपेटी आहे, की त्याची पाकिटं पुढच्या घरच्या पेटीत पडतात? तसं असेल तर ती पेटी रोज कोण उघडतं, ते आज संध्याकाळीच बघा.

– तुमची ताई